जळगाव ते धुळे, रस्ता न सोडता

नसलेल्या फळीवर मी भरलेली कपबशी ठेवली. चूक पहिल्याच ओळीत सांगून टाकलेली बरी, म्हणजे पुढं कुणी खोदून विचारत नाही. फळी विमानात होती. विमान सुनेच्या चष्म्यात होतं. चहा मात्र खराच होता, आलं घालून चांगला उकळलेला.

आमची सून इथं जळगावात पाइपच्या कारखान्यात ड्रॉइंग काढते. इतरांच्या सुना रुखवतात भांडीकुंडी आणतात, हिनं खोक्यांतून विमान आणलं. म्हणजे एक कॉम्प्युटर, उजव्या हाताशी विमान वळवायची दांडी, डाव्या हाताशी इंजिनाचा जोर वाढवायचा लीव्हर, आणि डोक्यावर चढवायचा तो जाडजूड हेडसेट. मी त्याला चष्माच म्हणते. तो लावला की खोली नाहीशी होते आणि माणूस थेट विमानात बसलेला असतो. मान वळवावी तिकडं आभाळ. रविवारी ती अशी कुठल्या कुठल्या देशांवरून हिंडून येते आणि मग उठून मेथी निवडायला बसते. शेजारणीनं विचारलं तर मी खुशाल सांगते, "सून बाहेर गेलीय." असते आतल्याच खोलीत.

आमचे हे एसटीत ड्रायव्हर होते. धुळे-जळगाव, जळगाव-धुळे, सगळी नोकरी त्या एका रस्त्यावर. गेल्या हिवाळ्यात यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. पाय सावरला, हात मात्र रुसून बसला. मुलानं स्कूटरची चावी कपाटात ठेवून दिली. डॉक्टरांनी दाबायला रबराचा चेंडू दिला होता, तो यांनी गॅलरीतून खाली भिरकावला. त्यानंतर भिंतीकडे तोंड. जेवता का? हं. दुखतंय का? हं. सगळा संसार त्या एका 'हं'वर आला होता.

सुनेनं एका रविवारी दुपारी त्यांना धरून आणलं. "आबा, नुसतं बसून तर बघा." चष्मा चढवला, डावा हात उचलून लीव्हरवर ठेवला. हे ताठ बसले होते. मग एकदम खाली वाकले आणि ओरडले, "हाऊ तं बांभोरीना पूल शे!" जळगावबाहेरची गिरणा नदी ओळखली होती. मी हातातलं लाटणं घेऊनच धावत आले.

पुढची गंमत आठवून सुनेला अजून हसू येतं. विमान हायवेवरूनच चाललं होतं. रस्ता वळला की हे वळायचे.

"आबा, विमान आहे हे. सरळ घ्या ना!"

"रस्ता सोडीसन कोठे जाऊ?"

एरंडोल आलं तसं यांनी लीव्हर मागं ओढला आणि विमान खाली आणायला लागले.

"आबा, जोर कमी केला की पडतं ते!"

"स्टॉप शे ना!"

विमान एरंडोलच्या अलीकडे कुणाच्या तरी कपाशीत पडलं, आणि हे हसले. हिवाळ्यानंतर पहिल्यांदा हसले. मी लाटणं घेऊन परत स्वयंपाकघरात गेले, कारण तिथं मला रडायला बरं पडतं.

मग रोज दुपारी इस्त्रीचा शर्ट घालून यांची ड्युटी सुरू झाली. रबराचा चेंडू न दाबणारा हात लीव्हर पुढं सरकवायला लागला. आधी बोटं, मग मनगट.

आणि मला हेवा वाटायला लागला. तो रस्ता माझाही होता की! लग्न होऊन आले तेव्हाची गोष्ट. यांच्या गाडीत मी पहिल्यांदा बसले ती ड्रायव्हरच्या पाठीमागच्या सीटवर. हातभर हिरवा चुडा, आणि तोरा असा की आख्खी गाडी माझ्याच घरची. मला वाटलं, हे अधूनमधून वळून बघतील. छे! पारोळा सोडलं तरी मला नुसती मानगूट दिसत होती. रस्त्याच्या दोन्ही कडांना कडुनिंब, तापलेल्या रेक्झिनचा वास, मागं कुणाच्या तरी टोपलीतली केळी, आणि सगळ्या काचा मिळून एक भजन केल्यासारख्या खडखडत होत्या. गाडी पळायला लागली तशी मी घाबरले. डोक्यावर घंटीची दोरी होती. ती ओढली की गाडी थांबते एवढी अक्कल मला होती. एकदा ओढली की थांबते आणि दोनदा ओढली की निघते, एवढी नव्हती. मी ओढतेय, ओढतेय, आणि गाडी आणखीच पळतेय. शेवटी कंडक्टर हात जोडून आला. "वहिनी, तुम्ही डबल मारताय म्हणून दादा पळवताय!" गाडीभर हशा. मी पदर तोंडावर ओढून धुळे येईपर्यंत काढला नाही. अशा बावळट पोरीला यांनी माहेरी परत कसं पाठवलं नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

आता ते कडुनिंब नाहीत. रस्ता रुंद झाला. पण यांच्या सीटवरून तो कसा दिसत असेल, हे मला एकदा बघायचं होतं. म्हणून हे झोपलेले बघून, सून कामावर गेलेली बघून, मी खुर्चीत बसले. सुनेचं बघून बघून सुरू करायचं शिकले होते, यांना रोज मीच लावून द्यायची. चष्म्याखालच्या फटीतून बघत टेबलावरची कपबशी उचलली, एक घोट घेतला. समोर काचेखाली विमानाची छान रुंद फळी. कपबशी ठेवली तिच्यावर.

आवाज झाला तेव्हा कळलं, विमान हवेत असतं म्हणजे काय ते.

लीव्हरमध्ये चहा गेला होता. मी पदरानं पुसलं, कपाचे तुकडे वेचले, आणि बाहेर जाऊन तुरीच्या शेंगा सोलत बसले. वाळेल, म्हटलं.

वाळलं नाही. साखरेनं लीव्हर घट्ट चिकटला. दुपारी हे इस्त्रीचा शर्ट घालून बसले, चष्मा लावला, हात पुढं केला. लीव्हर हलेना. पुन्हा जोर लावला. कपाळावर शीर उभी राहिली. मग यांनी हळूच चष्मा काढला, डावा हात उजव्या हातानं उचलून मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "गया हात."

पलंगावर जाऊन भिंतीकडे तोंड केलं.

माझ्या शेंगा तशाच राहिल्या. "अहो, हात नाही गेला. मी चहा सांडला त्यात."

यांनी चादर डोक्यावर ओढली.

"खोटं नाही सांगत. फळी दिसली म्हणून कपबशी ठेवली मी."

मी नुसती समजूत काढतेय असं यांना वाटलं. आजाऱ्याला बायको असंच सांगणार. आयुष्यभर मारलेल्या थापा त्या दिवशी माझ्या अंगाशी आल्या. खरं बोलले तेव्हा कुणी ऐकेना.

संध्याकाळी सून आली, लीव्हर हुंगला, माझ्याकडे बघितलं. "आई, आल्याचा होता ना?" ती हसली नाही, कारण पलंग तिलाही दिसत होता. "नवा येईपर्यंत कीबोर्डवर चालेल. पण आबांना चष्म्यातून बटणं दिसणार नाहीत. दाबायला कुणीतरी हवं." माझ्याच टिकल्यांच्या पाकिटातली लाल टिकली तिनं जोर वाढवायच्या बटणावर चिकटवली, हिरवी कमी करायच्या. मला डाव्या बाजूला स्टुलावर बसवलं. यांना दोघींनी मिळून, जवळजवळ ओढत, खुर्चीत आणलं.

चष्म्यात यांना मी दिसत नव्हते. सवयीनं डावा हात लीव्हर शोधत आला आणि माझं मनगट सापडलं. तेच धरून यांनी पुढं ढकललं. मी लाल टिकली दाबली. पुन्हा ढकललं, पुन्हा दाबली. बांगड्या रुतल्या, इतका जोर होता त्या हातात. चारचौघांत कधी माझं बोट न धरणारा हा माणूस सुनेसमोर माझा हात सोडायला तयार नव्हता. मी म्हटलं, "बघा, गेलाय का हात?" यांनी आणखी जोरात ढकललं.

बांभोरी, एरंडोल, पारोळा. एकही वळण सोडलं नाही. धुळ्याबाहेरच्या धावपट्टीवर आम्ही आपटलो, उसळलो, पुन्हा आपटलो आणि थांबलो. सुनेनं टाळ्या वाजवल्या. यांनी चष्मा काढला. डोळ्यांभोवती त्याचे वळ उमटले होते. माझ्या मनगटाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले,

"सकाय लवकर आवरजो. पिंपळनेर जाऊत, तुन्हा माहेरले. त्या रस्तावर माले कधी ड्युटीच लागनी नही."