नार्व्याहून आणलेला पाळणा

काजूची बोंडे पिकून झाडाखाली पडू लागली की आमच्या डिचोलीच्या हवेला एक आंबूस, गोड वास येतो. तो वाळत घातलेल्या कपड्यांत, अगदी उशीच्या अभ्र्यातही उतरतो. त्या वासाच्या दिवसांत मी माझ्या मुलीच्या बारशाची आखणी करत होतो. जन्मानंतर ती काही काळ इस्पितळात राहिली, म्हणून बाराव्या दिवशीचे बारसे चैत्रावर गेले होते. घरातला पहिला पदवीधर असल्यामुळे ठरवण्याचे प्रत्येक काम आपसूक माझ्याकडे येते, जणू पदवीसाठी मांडव आणि जेवणावळीही शिकवतात. अंगणावर कापड, पानात खतखते आणि मणगणे, दुपारी नातेवाईक, संध्याकाळी ऑफिसातली मंडळी, एवढे सहज ठरले. अडले ते नाव ठेवण्यापाशी.

बाळाच्या कानात नाव सांगायचे ते आत्याने. माझी एकुलती बहीण, ताई, हरमलला दिलेली; नवऱ्यासह ती पर्यटकांना खोल्या भाड्याने देते. मला पहिली अक्षरे तिने गिरवायला लावली, आणि पुढे मी अभ्यासाला बसलो की माझ्या वाट्याची घरकामे तिने न बोलता उरकली. तिला मूल नाही. उपचार झाले, थांबले, आणि त्यावर बोलणेही थांबले. फोनवर ती म्हणाली, "वाढूक येतंय मी. नाव मातर काकीक सांगूक लाव."

"काकी कधीपासून आत्या झाली?"

"बाबू, अशा वक्ताक बायलांची तोंडां कशी होतत, ता तू बघूक नाय. मी बघलंय."

नार्व्याहून पाळणा आणायला तरी सोबत येशील का, एवढेच मी विचारले. ती आली.

नार्व्याच्या एका माईंकडे चौकटीवर झुलणारा सागवानी पाळणा आहे. आमच्या घरातली बाळे बारशाला त्यातच घातली जातात. तो टेंपोत चढवल्यावर माईंनी आम्हाला थांबवले. पाळणा रिकामा हलू द्यायचा नाही, हा त्यांचा नियम. बारशाला बाळाआधी वरवंटा पाळण्यात घालतात, तसा त्यांनी आपला वरवंटा मऊ लुगड्यात गुंडाळून आत निजवला आणि कुणीतरी धरून बसा म्हणाल्या. मी पुढे झालो.

"तू न्हय रे, तू गाडी चलय. चड गो बाये."

माईंना ताईविषयी काही माहीत नव्हते, की असूनही त्यांनी ते मनावर घेतले नाही, हे मला अजून कळलेले नाही. ताई क्षणभर उभी राहिली आणि मग मागे चढली. नदीकाठच्या शेतांत वायंगणाचे, उन्हाळी पिकाचे भात पिवळे पडले होते, त्यावरून तिरपे ऊन सरकत होते, आणि आरशात मला ती दिसत होती, गुडघे दुमडून बसलेली, एक हात पाळण्याच्या कडेला, दुसरा त्या गुंडाळीवर.

डिचोलीत खनिजाच्या ट्रकांमागे आम्ही अडकलो. भाजीची पिशवी घेतलेली एक ओळखीची बाई टेंपोत डोकावली, मुलगा की मुलगी ते विचारत. "झील काय चेडू गो?"

मी आरशात ताईकडे पाहिले.

"वरवंटो," ताई म्हणाली. "मामार गेलो."

मामा म्हणजे मी. ती बाई हसत सुटली, ताईही हसली, आणि पुढचे ट्रक हलले.

घरी पोहोचून मी मागचे फळकूट उघडले. ताई उतरली नाही.

"काकीक सांगलंस?"

"अजून नाही."

"मगे सांगू नको."

बारशाला बायकांची तोंडे तीच असणार, हे तिला माझ्याहून अधिक ठाऊक होते. तिचे मन माईंनी वळवले, त्या हसण्याने, की ते वाटेत कुठेतरी आपले आपण वळले, हे विचारणे माझ्या ओठांवर आले होते. कारण कळल्याशिवाय पुढे न जाण्याची सवय मला शिक्षणाने लावली, आणि त्या सवयीचे माझ्यावर उपकारच आहेत. तरी मी विचारले नाही. गाडी थांबून बराच वेळ झाला होता, पाळणा आता हलण्याचे काही कारण नव्हते, आणि तिने हात मात्र काढला नव्हता.