जेबेझ थ्वेटचे जुने शब्द

जेबेझ थ्वेट आमच्या यॉर्कशरच्या डोंगरातला गवंडी. चुना न लावता, नुसते दगडावर दगड रचून कुंपणं घालायचा. हात चालायचे त्याच्या दुप्पट तोंड! मी शेजारीण, चाळीस वर्षं ऐकलं.

त्याची मुलगी म्युरियल शिकली, लीड्सला मास्तरीण झाली आणि तिला बापाच्या बोलण्याची लाज वाटायला लागली. शाळेत आम्ही ‘तू’ला आमच्या बोलीतलं ‘दाऊ’ म्हटलं की हातावर छडी बसायची. ती छडी आता हिनं उचलली.

एका नाताळात तिची चार वर्षांची लेक रोझलिन आजोबांच्या मांडीवर बसली होती.

“क्लेम्ड झालीस व्हय गं, दाऊ?” त्यानं लाडानं विचारलं. भूक लागली का तुला, एवढंच. पोरगी टाळ्या पिटत तेच म्हणायला लागली. म्युरियलनं तिला खसकन उचललं.

“बाबा, तिच्याशी नीट बोलता येत असेल तर बोला. नाहीतर बोलूच नका.”

नाहीच बोलला. चौदा नाताळ लेकीच्या घरी नुसती मान हलवत पुडिंग खाल्लं त्यानं. आग लागो असल्या नीटपणाला!

शेवटच्या वर्षी विद्यापीठातले एक साहेब टेपरेकॉर्डर घेऊन त्याच्याकडे आले. म्हणाले, “पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात हे शब्द घरोघरी होते. चारशे वर्षांत बाकीचे विसरले. सोनं आहे हो तुमच्याकडे!”

“ऐकलंस का, एडिथ?” जेबेझ मला म्हणाला. “सोनं म्हनं! आन् माझ्या लेकीला त्यो उकिरडा वाटतुया.” तीन दिवस त्या टेपवर बोलत होता बिचारा. वसंतात गेला.

त्याला दोन वर्षं झाली. परवा रोझलिन आली, सोबत म्युरियल. पोरगी आता विद्यापीठात भाषाच शिकते. तिथं तिला ती टेप मिळाली.

“एडिथ आंटी, हा शेवटचा तुकडा काही केल्या कळत नाही,” म्हणत तिनं टेप लावली.

मी ऐकलं. म्हटलं, “आईला विचार की. ह्याच बोलीत वाढलीय ती.”

म्युरियल चहाच्या कपात बघत म्हणाली, “मेंढ्यांबद्दल काहीतरी आहे.”

मेंढ्या! माझं डोकंच सणकलं.

“मेंढ्या नव्हेत गं पोरी. तो म्हणतोय, ‘नातीवर लई जीव हाय माझा. पन तिच्यासंगट बोलाया मला बंदी हाय.’”

रोझलिननं टेप बंद केली. आईकडे वळली.

“तू तर म्हणायचीस, त्यांना मी आवडत नाही.”