खालच्या मजल्यावरचं मांजर

खालच्या मजल्यावरच्या मोरी-सान या जपानी गृहस्थांना सदानंद ओळखत होता असं म्हणणं जरा जास्तच होईल. बायको वारलेली, टपालखात्यातून निवृत्त, एक गुडघा दुखरा. एवढीच काय ती माहिती. जिन्यात गाठ पडली की ते वाकून "आज गारठा आहे" म्हणत आणि दाराआड होत.

नागोयात तेव्हा, चौऱ्याण्णव साली, सदानंद मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर होता. संध्याकाळी तो फोनच्या तारेला मोडेम जोडून कॉम्प्युटरवर झाडंवेड्या लोकांच्या चर्चेत शिरायचा. तिथं सगळे टोपणनावानं लिहीत. खरं नाव विचारणं असभ्य समजत. सदानंद झाला होता 'हत्ती'. त्याचं कढीलिंबाचं रोप पहिल्या हिवाळ्यात तगलं ते 'मांजर' नावाच्या कुणामुळे तरी. हे मांजर भलतंच तोंडाळ.

"अरे हत्ती, किती पाणी ओतशील? कुंडी आहे, तळं नव्हे!"

"बाई आहे की बुवा?" केतकी नवऱ्याला विचारायची.

"कुणास ठाऊक. पण माझं दिवसभरातलं खरं बोलणं याच्याशीच होतं."

एकदा मांजरानं लिहिलं, "वरचा परदेशी झाडांना पाणी घालतो आणि माझे वाळलेले मोजे पुन्हा भिजतात."

"मग सांग की त्याला! खाणार आहे का तो तुला?" हत्तीनं ठणकावलं.

"सांगितल्यावर रोज जिन्यात तोंड कसं दाखवू?"

दुसऱ्या दिवशी गॅलरीतल्या झाडाला पाणी घालताना सदानंदनं सहज खाली वाकून पाहिलं. मोरी-सानांच्या राखाडी मोज्यांवर टपटप थेंब पडत होते. तांब्या हातातच राहिला.

"जा, विचार त्यांना," केतकी म्हणाली.

"आणि मांजर कायमचं गप्प झालं तर?"

त्यानं मुकाट्यानं कुंड्यांखाली ताटल्या ठेवल्या.

"गळती थांबली, न सांगताच!" मांजरानं लिहिलं. मग बरेच दिवस काहीच नाही. सदानंद रोज मोडेम लावून वाट बघायचा. अखेर एक ओळ आली: "हत्ती, रोप कसं आहे?" त्याचा जीव भांड्यात पडला.

पुण्याला परतायच्या दिवशी तो कढीलिंबाची कुंडी घेऊन खाली गेला. मोरी-सानांनी दार उघडलं. प्रश्न अगदी ओठांवर आला होता.

"थंडीत घरात घ्यावं लागतं," सदानंद म्हणाला.

मोरी-सानांनी कुंडी दोन्ही हातांनी घेतली आणि ते वाकले.

"हो. पाणी बेतानंच घालीन."