समासातला व्हायकिंग

लग्नानंतर पाचव्या आठवड्यात मी नवऱ्यावर पहिल्यांदा ओरडले. जानेवारीतली सकाळ होती, बाहेर गुडघाभर बर्फ, आणि हे दारात बूट चढवून ऑफिसला निघाले होते. निघताना म्हणाले, "जातो."

"जातो काय! येतो म्हणावं!"

ते दचकले. मीही दचकले, कारण तोवर आमच्यात "मीठ पुरे आहे का" याच्या पुढे संभाषण गेलं नव्हतं. सहा वर्षं एकट्यानं मिशिगनमध्ये काढलेला माणूस, घरातून निघताना कुणाला काही सांगायची सवयच मोडलेली. त्यांनी एक बूट काढला, पुन्हा घातला आणि परीक्षेला बसल्यासारखे म्हणाले, "येतो." मी म्हटलं, "या." त्या दिवसापासून रोज सकाळी न चुकता ते "येतो" म्हणायला लागले. मला वाटलं, चला, निदान शिकवलेलं लक्षात राहतं.

साताऱ्याला त्यांनी मला पाहिलं ते वीस मिनिटं, त्यातली दहा पोह्यांत गेली. ते गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर होते. दाराच्या बिजागऱ्या तयार करत. दार बंद होताना आवाज होऊ नये ही त्यांच्या आयुष्यातली मोठी चिंता होती, आणि बोलण्यातही त्यांचं तेच धोरण होतं. मी मात्र तिखट आणि बोलघेवडी. निघताना वडील मला बाजूला घेऊन म्हणाले होते, "सहा महिने राहून बघ. भावाचं लग्न मे महिन्यात आहे, तेव्हा येशीलच. नाही जमलं तर इथलं दार उघडं आहे." त्या काळात असं बोलणारा बाप विरळा. ते उघडं दार मी मिशिगनमधल्या ट्रॉय गावातल्या त्या दोन खोल्यांत रोज आठवत असे.

समोरच्या अपार्टमेंटमध्ये एक म्हातारी बाई एकटीच राहायची. शाळेची बस चालवून निवृत्त झालेली, आवाज खणखणीत. पहिल्याच भेटीत तिनं विचारलं, नवऱ्याचं नाव काय? आता आली का पंचाईत! आमच्याकडे नवऱ्याचं नाव उखाण्यात घ्यायचं, जिन्यात उभं राहून नाही. मी लाजून म्हटलं, "मी त्यांना अहो म्हणते." बाईचा चेहरा उजळला. तिचं माहेर उत्तर मिशिगनचं, आणि तिकडे फिनलंडहून आलेल्या लोकांत अहो हे आडनाव म्हणे घरटी एक. दिसत नाही पण तुझा नवरा फिन्निश, असं तिनं ठरवून टाकलं. तेव्हापासून ती यांना "मिस्टर अहो" म्हणून हाक मारी आणि हे निमूटपणे हात हलवत. माझं इंग्रजी काठावर पास. तिची समजूत काढायला लागणारे शब्द माझ्याकडे नव्हते.

शब्दच नाहीत म्हटल्यावर तिनं एक दिवस किराण्याची खाकी पिशवी भरून जुनी पुस्तकं आणून दिली. वाच, भाषा येईल, म्हणाली. पुस्तकं पाहून मी पिशवी तशीच पलंगाखाली सरकवली. प्रत्येक कव्हरवर छातीची बटणं हरवलेला एक सोनेरी केसांचा दांडगा, आणि त्याच्या हातावर चक्कर येऊन पडलेली बाई. घरात पाहुणे आले तर काय म्हणतील! पण दुपार फार लांब असते. तिसऱ्या दिवशी त्याच खाकी पिशवीचा कागद कापून मी पुस्तकांना शाळेसारखी कव्हरं घातली, चिकटपट्टी लावली आणि वर नीट लिहिलं: इंग्रजी, भाग १. इंग्रजी, भाग २. असे अकरा भाग झाले.

सगळ्या भागांत गोष्ट एकच. इंग्लंडचा एक सॅक्सन सरदार, समुद्रापलीकडून आलेले व्हायकिंग, मारामाऱ्या, मग तह, आणि तहाच्या कलमात सरदाराची मुलगी. मुलीला कोणी विचारत नाही. ना पत्रिका, ना याद्या. मुलगी बोटीत बसते, परक्या थंड गावात उतरते. तिथली भाषा कळत नाही, जेवण अळणी, आणि नवरा घुम्या. मी पहिला भाग वाचत होते आणि पान उलटता उलटता माझ्या अंगावर काटा आला. ही तर मीच की! फरक इतकाच, की तिचा नवरा कुऱ्हाड घेऊन बाहेर जायचा आणि माझा डबा. एक गोष्ट मात्र मला शेवटपर्यंत पटली नाही. अकरा भागांत मिळून एकही सासू नाही.

अडलेल्या शब्दाखाली मी पेन्सिलीनं रेघ मारायची. साताऱ्याहून आणलेली डिक्शनरी शाळकरी होती, तिला व्हायकिंगांचं काही ठाऊक नव्हतं. रेघा साठत चालल्या. मार्चमधल्या एका सकाळी, हे ऑफिसला गेल्यावर मी भाग ३ उघडला आणि बघतच राहिले. जिथे जिथे रेघ, तिथे तिथे समासात मराठीत अर्थ. इंजिनिअरच्या ड्रॉइंगवर असतं तसं सुटं सुटं, उभं अक्षर. होस्टेजला "ओलीस". बिट्रोथ्डला "वाङ्निश्चय झालेली". मीडला "मधाची दारू. मी प्यायलेलो नाही." रॅव्हिशच्या पुढे नुसतं "डिक्शनरीत बघ", आणि हे लिहिताना पेन्सिल फार जोरात दाबलेली.

मी लाजेनं पाणी पाणी झाले. म्हणजे सकाळी माझ्या आधी उठून, चहा घेता घेता, हा माणूस माझं इंग्रजी वाचत होता. कव्हराच्या आतलं सगळं! संध्याकाळी ते आले तेव्हा मी भाजीत डोकं खुपसून उभी होते. त्यांनी विचारलं, "आज काय स्पेशल?" मी म्हटलं, "वांगी." एवढंच. पण दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम चार जास्त रेघा मारल्या, त्यातल्या दोन मला येत असलेल्या शब्दांखाली.

मग ते सुरूच झालं. व्हायकिंग शनिवारी अंघोळ करून केस विंचरतो, असं वाक्य आलं तिथे त्यांनी लिहिलं, "मी रोज करतो." एकदा नायिकेनं नवऱ्याच्या तोंडावर ताट भिरकावलं, त्या पानाच्या कडेला होतं, "आपली ताटं स्टीलची आहेत. लागेल." मी एकटीच घरात खो खो हसले. हा माणूस मला समासात इतका आवडायला लागला होता, की संध्याकाळी तोच दारातून आत आला की मला बोलता यायचं नाही. त्यांनाही नाही. टेबलावर पुन्हा मीठ आणि वांगी.

एप्रिलच्या शेवटी त्यांनी विचारलं, "तुझं तिकीट बुक करतोय. रिटर्न कधीचं घेऊ?"

मला सांगायचं होतं, पंधरा दिवसांचं घ्या. पण वडिलांचं ते उघडं दार डोळ्यांसमोर आलं, आणि तोंडातून निघालं, "बघू."

मराठी माणसाचं "बघू" म्हणजे काय ते मराठी माणसाला सांगावं लागत नाही. ते म्हणाले, "ओके. ओपन ठेवतो," आणि भात कालवत राहिले. भावाचं लग्न म्हणून मी सगळ्या भारी साड्या बॅगेत भरल्या, स्वेटर तेवढे कपाटात ठेवले. रिकाम्या हँगरांकडे ते दोनदा पाहून गेले. मी पाहिलं की ते पाहतायत, आणि तरी एक शब्द बोलले नाही. माझा हा हट्टी स्वभाव मला तेव्हाही आवडत नव्हता, आजही आवडत नाही.

डेट्रॉइटच्या विमानतळावर तेव्हा सोडायला आलेल्यांना थेट गेटपर्यंत जाता यायचं. आम्ही शेजारी शेजारी बसलो. शेजारीणबाईनं मिस्टर अहोंची काळजी घ्यायचं वचन दिलं होतं, ते मी त्यांना सांगितलं. ते हसले.  मग मी भाग ११ काढला. शेवटची वीस पानं उरली होती.

तहाचं वर्ष संपतं. व्हायकिंग घोडा दारात आणून उभा करतो आणि बायकोला सांगतो, तू मोकळी आहेस, बापाकडे जायचं तर जा. ती घोड्यावर बसते आणि म्हणते, "आय अ‍ॅम गोइंग."

"गोइंग"खाली पेन्सिलीची रेघ होती. माझी नव्हती. माझ्या रेघा वाकड्या असतात, ही पट्टीनं मारलेली होती. तिथून एक बाण समासात गेला होता, आणि समासात अर्थ नव्हता. नुसतं प्रश्नचिन्ह होतं.

मी शेजारी पाहिलं. ते समोरच्या विमानाच्या दाराकडे बघत होते, जणू त्याच्या बिजागरीतच काही बिघाड असावा. त्यांचे कान मात्र लाल झाले होते.  इतके महिने एका घरात राहून हा माणूस मला एकच गोष्ट विचारू इच्छित होता, आणि त्यासाठी त्यानं अकरावा भाग येईपर्यंत वाट पाहिली होती.

"अहो," मी म्हटलं, "पेन्सिल द्या."

त्यांनी खिशातली काढून दिली. मी प्रश्नचिन्हापुढे एकच शब्द लिहिला आणि पुस्तक त्यांच्या मांडीवर ठेवलं. माझ्या फ्लाइटची घोषणा झाली. मी उठले, पर्स खांद्याला लावली. ते अजून तो एक शब्द वाचत होते. "येते." लिहायला मला काही वेळ लागला नव्हता, त्यांना वाचायला मात्र बराच लागत होता.

मग ते उभे राहिले, मान वर केली आणि म्हणाले, "ये."

लगेच घसा साफ करून त्यांनी विचारलं, "तारीख सांग, म्हणजे कन्फर्म करतो." मी सांगितली.