बाहेर जाणारी पावलं

पार्वतीबाईला उदगिरात सगळे ‘शेवाळवाली’ म्हणतात. पावसाळा सरला की जुन्या घरांपुढची शहाबादी फरशी खरडायला तिलाच बोलावतात. पायाला गोणपाट गुंडाळते, खुरपं आडवं धरून उताराच्या वरून खाली येते आणि ॲसिडची बाटली दिसली की अंगावर धावते. ॲसिड फरशी खातं, मग खड्ड्यांत दुप्पट शेवाळ धरतं, हे मी तिच्या शिव्या खाऊनच शिकले.

भुताखेतांचा विषय निघाला की ती हसते. “आमच्या आज्यानं छप्पन साली दीक्षा घेतली तवाच सोडली ती.” म्हणूनच तिनं सांगितलेलं आणि नंतर मी पाहिलेलं हे मला झटकून टाकता येत नाही.

माझ्या शेजारच्या शिवप्पाकाकांनी गेल्या वर्षी तिला बोलावलं. त्यांची बायको गौरम्मा आदल्या श्रावणात फाटक ते दार या वाटेवर घसरून पडली आणि तिथंच गेली. तेव्हापासून काका मागच्या दारानंच ये-जा करत. आता नात साक्षी तान्ह्या लेकराला घेऊन शनिवारी येणार होती.

पार्वतीबाई पोचली तेव्हा काकांनी फरशीभर ब्लीचिंग पावडर टाकली होती आणि हातात बूच काढलेली ॲसिडची बाटली होती.

“ठिवा ती खाली, अप्पा. ह्या पावडरीवर वतली की विषारी धूर व्हतो. दोघंबी हितंच पडू.”

तिनं बाटली काढून घेतली आणि बादल्यांवर बादल्या ओतून पावडर धुतली. खाली हिरवंगार शेवाळ होतं आणि त्यात उघड्या दगडाची पावलं. बाईची, लहान.

“गौराक्कानं दिवाळीला चुन्यानं लक्ष्मीची पावलं काढली असतील,” ती म्हणाली. “चुन्यावर शेवाळ धरत न्हाई.”

मग तिनं नीट पाहिलं. बोटं फाटकाकडं होती. घराबाहेर जाणारी लक्ष्मी कुणी काढत नाही. पावलं दारातून निघून मधेच थांबली होती, गौरम्मा पडली तिथं.

काका पायरीवर बसले. “त्या दिशी भांडण झालतं. मीच म्हणलो, दार उघडं हाय, चालती हो. साक्षीला ठाऊक न्हाई. तिला दिसायच्या आत काढा हे.”

“दगडावरचं म्या काढते. बाकीचं तुमी सांगा.”

तिनं खरडून, खराट्यानं घासून सगळी वाट कोरडी केली. शनिवारी साक्षी लेकराला घेऊन त्या वाटेवरून नीट आत गेली. काकांनी तिला सगळं सांगितलं. दोन दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही, जाताना मात्र पाया पडली.

यंदा शेवाळ पुन्हा आलं. पार्वतीबाई फाटकाशी खुरपं धरून नुसतीच उभी दिसली, म्हणून मी गेले. तीच लहान पावलं होती. वाटेच्या मधून निघून दाराकडं, थेट उंबऱ्यापर्यंत.

“चुना कुणी लावला?” मी विचारलं.

“चुना न्हाईच. हात लावून बघितलं म्या.”

मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू. पुढचं दार सताड उघडं होतं. आत एकटे राहणारे काका दोन ताटं वाढत होते.