शॉकअप आणि माझं खरं वजन

माझ्या सायकलीच्या पुढच्या शॉकअपमध्ये तेल असतं, हे मला चार वर्षांनी कळलं. तेही ते गळायला लागल्यावर.

मी शिक्षिका आहे. बेंबळीत आमचं घर, आणि घराला लागूनच नवऱ्याची धान्याची आडत. शाळा आठ किलोमीटरवरच्या एका वस्तीवर, आणि त्यातले शेवटचे तीन किलोमीटर म्हणजे नुसता दगडगोट्यांचा उतार. म्हणून मी डोंगरात चालवायची, जाड टायरांची सायकल घेतली. गावाला दोन दिवस दुसरा विषय नव्हता. मग गावाला सवय झाली आणि मला व्यसन लागलं. घरी मी बायको आणि आई, शाळेत बाई. मधली चाळीस मिनिटं मी कुणाचीच कुणी नसते. त्या चाळीस मिनिटांत मी मोठमोठ्यानं गाणी म्हणते. माझा आवाज वाईट आहे, पण तुरीच्या शेतांनी अजून तक्रार केलेली नाही.

दसऱ्याच्या सुमारास शॉकअप आखडला. दबेचना. प्रत्येक दगड थेट मनगटात यायचा. शाळेत पोचले की हात इतके थरथरायचे, की फळ्यावरचा माझा ‘अ’ आणि पहिलीतल्या पोरांचा ‘अ’ सारखाच दिसायला लागला. पोरं खूश होती. नवरा नव्हता.

“बास झालं आता. दिवाळीला स्कूटर घेऊ,” तो म्हणाला. “शोरूमवाल्याला सांगून ठेवलंय मी.”

त्यात काळजी होती, हीच अडचण. काळजी करणाऱ्या माणसाशी भांडायला काही कारणच मिळत नाही. मी म्हटलं, “एकदा नीट दुरुस्त करून बघू. नाही झाला, तर आणा तुमची स्कूटर.” बोलून गेले आणि मग हिशेब केला. स्कूटरवर तीच वाट दहा-पंधरा मिनिटांची. माझी बाकीची मिनिटं कोण परत देणार?

आधी गावातल्या सायकलवाल्या काकांकडे गेले. त्यांनी शॉकअपवर दोन टिचक्या मारल्या. “बाई, ह्यात तेल असतंय व्हय? मग ही सायकल हाय का मोटरसायकल?” मी म्हटलं, सायकलच. त्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, “वेल्डिंग मारू का? जिंदगीत हलणार न्हाय बघा.”

मी म्हटलं, काका, हलावं म्हणूनच तर आणलीय. ते म्हणाले, मंग अवघड हाय. पण शॉकअप त्यांनी नीट काढून दिला. तो खताच्या पोत्यात गुंडाळून मी एसटीनं सोलापूरला गेले. तिथे असल्या सायकलींचं शॉकअप रीतसर सर्व्हिस करून देणारं एक दुकान आहे, असं इंटरनेटवर सापडलं होतं.

दुकान कसलं, दवाखानाच. मेकॅनिक काळे रबरी हातमोजे घालून उभा. पांढरं फडकं अंथरलेलं, त्यावर ओळीनं हत्यारं. त्यानं अदबीनं विचारलं, “मॅडम, शेवटची सर्व्हिस कधी केली होती?”

“ही पहिलीच.”

त्यानं क्षणभर डोळे मिटले. मग एकेक भाग सुटा केला. आतून जे तेल निघालं ते काळंकुट्ट होतं आणि त्याला आमच्या रस्त्याचा वास होता, म्हणजे मला तरी आला. त्यानं जुनी सीलं काढून नवी घातली, तेल बदललं आणि मला समजावून सांगितलं. एका नळीत तेल असतं, दुसरीत हवा. हवा किती भरायची ते चालवणाऱ्याच्या वजनावर ठरतं. नळीवर एक बारकं रबरी कडं असतं, शॉकअप किती दबला ते त्यावरून कळतं. मी चांगल्या विद्यार्थिनीसारखी मान डोलवत होते. तेवढ्यात त्यानं पेन उचललं.

“वजन किती, मॅडम?”

दुकानात, शर्यतीत सायकल चालवणारे काढतात तसे पायाचे केस काढलेले दोन सडपातळ तरुण उभे होते. आतापर्यंत ते टायर बघत होते. आता बघायचे थांबले.

“साठ,” मी म्हटलं.

“बॅग, हेल्मेट, डबा, सगळं धरून?”

“धरून.”

मी पोरांना गणित शिकवते आणि खरं बोलावं हेही शिकवते. दोन्ही विषय मी त्या काउंटरवर एकदमच सोडले. त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं, कागदाकडे पाहिलं आणि भल्या माणसासारखं साठ लिहून त्या हिशेबानं हवा भरली. हवा भरायचा छोटा पंपही मी घेतला.

काकांकडून शॉकअप परत बसवून घेतला आणि सोमवारी ऐटीत निघाले. डांबरी रस्त्यावर झोकात गेले. उतार लागला आणि पहिल्याच दगडाला सायकलीनं नाक खाली घातलं. शॉकअप पार तळाला जाऊन खाडकन आपटला. दुसऱ्या दगडाला तसंच. ब्रेक दाबला की मी हँडलवरून खालची जमीन जवळून बघत होते. उताराच्या शेवटी पाहिलं, तर ते रबरी कडं नळीच्या पार टोकाला जाऊन बसलेलं.

संतापून मी तिथूनच फोन लावला. “ही कसली सर्व्हिस? आधी दबत नव्हता, आता उठत नाही!”

पलीकडून शांत आवाज आला. “मॅडम, वजन जरा मोजून सांगता का?”

“सांगितलंय मी एकदा.”

“सांगितलंय, हो. मोजून सांगता का?”

आठवडाभर मी ताठ्यात राहिले आणि आपटत राहिले. शनिवारी नवऱ्यानं विचारलं, “मग काय, शोरूमवाल्याला हो म्हणू?”

घरात वजनकाटा नव्हता. म्हणजे होता, पण त्याचे सेल मीच दोन वर्षांपूर्वी काढून टीव्हीच्या रिमोटला घातले होते आणि मग तो कुठे गेला ते मला आठवत नाही. शेवटी रविवारी सकाळी मी हेल्मेट घातलं, पाठीवर बॅग घेतली, बॅगेत भरलेला डबा आणि पाण्याची बाटली टाकली आणि आडतीत गेले. सोयाबीनचे दिवस. पंचवीसेक शेतकरी पोत्यांवर बसलेले. मी कुणाकडे न बघता मोठ्या काट्यावर उभी राहिले.

हमालाला हळू बोलता येत नाही. त्याच्या धंद्यात ते चालतही नाही. “एक्क्याऐंशी सहाशे!” तो ओरडला.

नवरा वहीत डोकं घालून बसला होता. पोत्याचा बारदाना, मालातली माती, असं म्हणून आडतीत प्रत्येक वजनातून थोडं कापतात. त्याला कडता म्हणतात. त्यानं सवयीनं, मान वर न करता म्हटलं, “कडता जाऊन ऐंशी.”

मला फार बरं वाटलं. लग्नानंतर पहिल्यांदाच ती पद्धत मला न्याय्य वाटली.

पण एक म्हातारे शेतकरी उठून उभे राहिले. “मालक, बाईत कसली माती घावली तुमाला?”

नवऱ्यानं वर पाहिलं, तर काट्यावर मी. तोवर दुसरे उठले होते. “दर साली आमचं कापता, आमी गप ऱ्हातो. पर ह्या बाईंनी माझ्या पोरीला वाचाया शिकवलंय. ह्यांचं एक ग्रॅम बी कापू देणार न्हाय!”

“अहो, कापू द्या की,” मी कळवळून म्हटलं.

“तुमी गप ऱ्हावा, बाई! तुमच्या हक्काचं वजन हाय!”

“पुन्यांदा काटा करा!” मागून कुणीतरी ओरडलं. मला खाली उतरवलं. काटा शून्यावर आला का ते तिघांनी वाकून तपासलं. मला परत वर चढवलं.

“एक्क्याऐंशी सातशे!”

“बगा! शंभर ग्रॅम मारले व्हते!” आणि सगळ्या आडतीत आनंदीआनंद झाला.

त्या काट्यावर उभी असताना मला लाज वाटली नाही, असं खोटं कशाला सांगू? कानशिलं तापली होती. गुपचूप उतरून घरात जावं, दिवाळीला येईल ती स्कूटर घ्यावी, आणि साठ किलोची बाई म्हणून उरलेलं आयुष्य काढावं, असं अगदी मनापासून वाटलं. मग तो उतार आठवला. मी तिथूनच, काट्यावरूनच फोन लावला. आडतीत इतका गलका होता की मला ओरडून सांगावं लागलं, “एक्क्याऐंशी किलो सातशे ग्रॅम! सगळं धरून!”

तो मेकॅनिक हसला नाही. त्याचं देव भलं करो. त्यानं फक्त हवेचा आकडा सांगितला.

मी दारातच पंप जोडला, आकडा येईपर्यंत हवा भरली आणि तशीच निघाले. उतारावर पहिला दगड आला. शॉकअप दबला, हलकेच उठला. दुसरा आला. तिसरा आलेला मला कळलाही नाही. खाली पोचले तेव्हा मी गात होते आणि थोडी रडतही होते, त्यामुळे सूर नेहमीपेक्षाही वाईट लागला होता.

परत आले तेव्हा आडत शांत झाली होती. त्या दिवशी कुणाचाच कडता कापला गेला नव्हता. नवऱ्यानं कापायला तोंड उघडलं की सगळे घराच्या दाराकडे बघत होते म्हणे. मी धापा टाकत म्हटलं, “अहो, ती स्कूटर...”

“नको म्हणून कळवलंय शोरूमवाल्याला.”

“कधी? मी आत्ता येतेय. शॉकअप नीट झाला की नाही, तुम्हाला काय ठाऊक?”

“शॉकअपचं मला काय कळतंय,” नवरा वही मिटत म्हणाला. “एकोणीस वर्षं झाली लग्नाला. तुझं वजन तू मला कधी सांगितलं नाहीस. आज पंचवीस माणसांत ओरडून सांगितलंस. तू काट्यावरून उतरायच्या आत मी फोन लावला त्याला.”