कदीसुम्माचा पाचवा डबा

पहाटेची फजरची नमाज झाली की कदीसुम्मा स्वयंपाकघरात शिरायची आणि पहिलं पातेलं चढायचं ते पाचव्या डब्याचं. बाकीचे चार सोपे होते. मुलगी जसीला रक्त तपासायच्या लॅबमध्ये, जावई रियास बँकेत, दोन नाती शाळेत. त्यांच्यासाठी तांबडा उकडा भात, मोड आलेले मूग, नारळ बेतानं, मासा तळण्याऐवजी भाजलेला. कोंबडी आणायची ती अबूबकरच्याच दुकानातून. बिस्मिल्ला म्हणून सुरी फिरवताना तिनं त्याला डोळ्यांनी पाहिलं होतं. बाहेरचं कुणी खायचं नाही, हा तिचा नियम. बाहेर कोण कापतो, कशात तळतो, कुणाला ठाऊक?

पाचवा डबा नवऱ्याचा. बीरानकोया लग्न होऊन कुट्टिचिरा मोहल्ल्यातल्या तिच्या घरी राहायला आले, तेव्हा ती सतरा वर्षांची होती. इकडे रीतच तशी, जावई सासरी नांदतो. तेव्हापासून ते कल्लायीच्या वखारीत ओंडके मोजत आले. दोन वर्षांपूर्वी त्यांची मूत्रपिंडं गेली. आठवड्यातले तीन दिवस डायलिसिस, उरलेले दिवस वखार.

इस्पितळातल्या बाईंनी आहाराचा कागद दिला. जसीलानं तो वाचून दाखवला तेव्हा कदीसुम्मा चक्रावलीच. चौघांना जे पौष्टिक, ते यांना विष. तांबडा भात नको, पांढरा हवा. मूग नको, केळं नको, शहाळ्याचं तर नाव काढू नको; त्यातलं पोटॅशियम रक्तात साचलं की हृदय बंद पडतं. भाजी बारीक चिरून भिजवायची, भरपूर पाण्यात उकळायची, पाणी फेकून द्यायचं. मीठ चिमटीच्याही चिमटीइतकं. चौथी शिकलेल्या कदीसुम्मानं तो कागद ऐकून ऐकून पाठ केला आणि दोन वर्षं त्यातली एक ओळ मोडली नाही.

"आज काय?" बीरानकोया दारात चपला घालताना विचारायचे.

"दुधी."

"काल?"

"कालही दुधीच."

"काल दुधीची मोठी बहीण येऊन गेली, आज धाकटी. सगळं माहेर आणणार आहेस का तिचं?"

"गप खा. जिवंत राहिलात तर नावं ठेवाल."

रजब महिन्यात कदीसुम्माची बहीण सैनबा उम्रेची यात्रा करून आली. तिनं मदीनेचे खजूर आणले होते. काळे, मऊ, मोठा डबा भरून. रोज सकाळी सात खावेत, त्या दिवशी विष बाधत नाही, हे लहानपणापासून ऐकलेलं. कदीसुम्मा रोज पहाटे सात खजूर पुढ्यात घ्यायची, कुराणातलं यासीन वाचून त्यांच्यावर फुंकर घालायची आणि कागदात बांधून पाचव्या डब्याच्या वरच्या कप्प्यात ठेवायची. बीरानकोया कधी नको म्हणाले नाहीत. मदीनेच्या खजुराची बी पायदळी येऊ नये म्हणून सातही बिया ते त्याच कागदात बांधून परत आणायचे. ती त्या अंगणात जास्वंदीच्या मुळाशी पुरायची.

महिन्यानं रक्ताचा अहवाल बिघडला. जसीलानं उम्माला, आईला, समोर बसवलं.

"पोटॅशियम वाढलंय. डब्यात काय काय घालतेस ते सांग. एकेक करून."

कदीसुम्मानं एकेक करून सांगितलं. पांढरा भात, दुधी, कोबी, अंड्याचं पांढरं, बोटभर मासा. तिनं काही लपवलं नाही. खजूर तिला आठवलेच नाहीत, कारण ते अन्न नव्हतं. ती बरकत होती.

"मग उप्पा वखारीत चोरून केळी खात असणार," जसीला म्हणाली. बीरानकोयांनी आणाभाका घेतल्या. त्यांनाही खजूर आठवले नाहीत.

शाबान महिन्याच्या मध्यात हरताळ झाला. रस्ते बंद, एक डायलिसिस चुकला. दुसऱ्या दिवशी दुपारी बीरानकोया वखारीत फूटपट्टी हातात घेऊन खाली कोसळले. माणसांनी त्यांना उचलून इस्पितळात नेलं. त्यांचा डबा जसीलाच्या हाती आला. तिनं तिथेच बाकावर, आईच्या शेजारी बसून, तो उघडला. जेवण अर्धं तसंच होतं. वरच्या कप्प्यात कागद होता, कागदात सात बिया.

"उम्मा, हे काय?"

"मदीनेचे आहेत."

"कधीपासून?"

"सैनबा आली तेव्हापासून. रोज सात."

"खजुरात केळ्याइतकंच पोटॅशियम असतं." जसीलानं बियांचा कागद पुन्हा बांधला. मग म्हणाली, "हरताळही होता." ती आईला धीर देत होती की स्वतःला, ते कदीसुम्माला कळलं नाही. दोन वर्षं बापाच्या रक्ताचे आकडे वाचणारी तीच होती.

बीरानकोयांचं हृदय थांबून पुन्हा चालू झालं होतं. वाचतील का, याचं उत्तर डॉक्टर देत नव्हते. तिसऱ्या दिवशी त्यांनी घरचं अन्न चालेल म्हणून सांगितलं, कागदात लिहिल्याप्रमाणेच. कदीसुम्मा चुलीकडे वळली तर जसीला आधीच तिथे उभी होती.

"राहू दे. मी करते."

कदीसुम्मा बाजूला झाली. चौतीस वर्षांत त्या चुलीसमोरून तिला कुणी उठवलं नव्हतं.

जसीलाचा डबा बीरानकोयांनी उघडून पाहिला आणि तोंड फिरवलं. "तुझ्या आईला सांग," ते पुटपुटले, "दुधीच्या बहिणीला पाठव म्हणावं."

जसीला घरी आली. पदर नीट करत दारात उभी राहिली. "तूच कर, उम्मा. मी इथे उभी राहते."

आणि ती उभी राहिली. कदीसुम्मानं दुधी चिरला, भिजवला, उकळला, पाणी ओतलं. लेक प्रत्येक गोष्टीकडे बघत होती. मिठाच्या बरणीकडे हात गेला तेव्हा कदीसुम्मानं आपणहून मागे वळून विचारलं, "घालू?"

"नको."

दोन दिवस डबा असाच गेला. दोन घास खाल्लेला परत आला. गुरुवारी सकाळी पिशवी भरून ठेवली होती, रियास ती उचलणार तेवढ्यात इस्पितळातून फोन आला.

जनाजा तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजेनंतर निघाला. मृताच्या घरी चूल पेटत नाही. शेजारणींनी पातेली भरभरून पाठवली. सैनबा रडत रडत बायकांना सांगत होती, "नशीबवान हो ते. शेवटी पोटात मदीनेचं अन्न गेलं." बायका मान हलवत होत्या. जसीलानं आईकडे पाहिलं आणि उठून आत गेली.

कदीसुम्माही थोड्या वेळानं आत गेली. पिशवी ओट्यावर तशीच होती. अन्न टाकू नये. ती जमिनीवर बसली, डबा उघडला आणि गार भात दुधीत कालवून पहिला घास तोंडात घातला. दोन वर्षं तिनं हा स्वयंपाक केला होता, पण चव कधी घेतली नव्हती. कागदावर होतं तसं झालं की पुरे होतं. मीठ नव्हतं, आंबट नव्हतं, तिखट नव्हतं. ओला कागद चावल्यासारखं होतं.

ती सगळा डबा खाऊन उठली.